बर्फाआधीचा चढ

नॉर्वेत स्कीइंगचा मोसम बर्फ पडल्यावर सुरू होतो असं वाटत असेल, तर ऑक्टोबरातल्या एखाद्या शनिवारी ऑस्लोच्या वरच्या अंगाला, होल्मेनकोलनच्या जंगलात जाऊन बघा. बर्फाचा पत्ता नाही, पायात साधे रनिंगचे बूट, आणि तरी दोन्ही हातांत काठ्या घेऊन मंडळी चढावर उड्या मारत निघालेली! पहिल्यांदा बघणाऱ्याला हसूच येतं. या प्रकाराला ते 'एल्गहुफ्स' म्हणतात. 'एल्ग' म्हणजे मूस, ते अवाढव्य हरीण. नाव अगदी चपखल आहे.

आता हा खटाटोप कशाला? क्रॉस-कंट्री म्हणजे पाळण्यात बसून वर जायचं आणि घसरत खाली यायचं, ते स्कीइंग नव्हे. इथे चढही आपला आपणच चढायचा. शर्यतीच्या मार्गात साधारण एक तृतीयांश चढ, एक तृतीयांश उतार आणि उरलेला वरखाली, असा हिशेब असतो. पण उतार पटकन संपतो, चढ संपता संपत नाही. त्यामुळे निम्म्याहून जास्त वेळ चढावरच जातो, आणि शर्यत बहुतेक वेळा तिथेच फुटते. २०२५च्या ट्रॉनहाइमच्या जागतिक स्पर्धेत योहानेस क्लेबोने सहाच्या सहा सुवर्णपदकं नेली. त्याला चढावर बघा, पायात स्की असताना गडी चक्क पळतो!

दमसासासाठी ट्रॉनहाइमच्याच संशोधकांनी गाजवलेला ४×४चा प्रकार आहे: ४ मिनिटं कमाल ठोक्यांच्या ९०-९५ टक्क्यांवर, मग ३ मिनिटं हळूहळू चालणं, असं चारदा. ऐकायला सोपं आहे. तिसऱ्या फेरीत कळतं :-)

पण खरी गोम तंत्रात आहे. कंबरेत वाकायचं नाही, घोट्यातून पुढे झुकायचं. कंबर पुढे, पावलाच्या वर. प्रत्येक पावलाला सगळं वजन एका पायावर. काठी पुढे लांब टाकायची नाही. ती पावलाच्या आसपास, तिरकी, मागे रेटता येईल अशी टेकवायची. काठ्याही स्कीच्या काठ्यांपेक्षा थोड्या आखूड लागतात.

आणि इथेच एक फसगत आहे. बुटाचा सोल मातीवर घसरत नाही. पाय मागे जाऊन उशिरा रेटला तरी चालतं, माणूस वर पोचतोच. क्लासिक स्कीचं तसं नाही. तिचा मधला भाग बर्फावर दाबला तरच पकड मिळते, आणि तो दाब पाय अंगाखाली असतानाच, क्षणभरात द्यावा लागतो. उशीर झाला की स्की सर्रकन मागे. म्हणजे चूक तीच, माती ती माफ करते आणि बर्फ करत नाही. चढावर महिनोन् महिने घाम गाळून माणूस नेमकी तीच चूक पक्की करून ठेवू शकतो. आमच्या धंद्यात सांगायचं तर, टेस्ट पास आणि प्रोग्राम बोंबललेला.

म्हणून मला वाटतं, चढावर घड्याळापेक्षा स्वतःच्या पावलांवर नजर हवी. चौथी फेरी पहिलीसारखीच दिसत असेल तर सराव झाला. कंबर मागे पडून काठ्या नुसत्या खुपसल्या जायला लागल्या, की वेग कमी करायचा किंवा सरळ थांबून घरी जायचं. त्यात कमीपणा नाही. दमणं कुणालाही जमतं हो, दमल्यावरही नीट पाऊल टाकणं शिकावं लागतं.

बाकी हिशेब डिसेंबरात बर्फ करेलच!