हलक्या वजनाचा मल्ल

देहाच्या आकारावरून पराक्रमाचा अजमास बांधण्याची खोड मनुष्यजातीला फार जुनी आहे. आमच्या दारव्ह्याकडे कुस्त्यांची दंगल भरली म्हणजे लहान चणीच्या पोरांच्या कुस्त्या आधी उरकून घेतात. गर्दी लोटते ती शेवटच्या थोराड जोडीसाठी.

वजनाचे गट पाडण्याची पाश्चात्त्य रीत आम्हांस म्हणूनच न्यायाची वाटते. तीत देहाचे उसने भांडवल कोणासच मिळत नाही. वेल्समधील जिमी वाइल्ड हा कोळशाच्या खाणीत राबलेला मुष्टियोद्धा. ११२ पौंडांच्या आतील गटात तो १९१६ पासून १९२३ पर्यंत जगज्जेता होता. मुष्टियुद्ध हाच त्याचा धंदा. त्याच्या मुठीने त्याला भाकर दिली.

आमच्याकडील त्याच्या तोलाचा पुरुष म्हणजे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते ५२ किलोच्या गटात सहावे आले. तांबड्या मातीत वाढलेल्या मल्लास गादीवरील कुस्ती परकीच होती. १९५२ साली हेलसिंकीस जाण्याची वेळ आली, तेव्हा पदरी पैसा नव्हता. लोकांनी वर्गणी काढली. आणि ज्या राजाराम कॉलेजात ते शिकले, तेथील प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आम्हीही अध्यापकच. विद्यार्थ्यांना उपदेश करणे किती स्वस्त असते, हे आम्ही पुरते जाणतो. म्हणून त्या गहाणखतापुढे आमची मान आपोआप लवते.

हेलसिंकीस ५७ किलोच्या गटात खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावकऱ्यांनी शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक काढली. पण आम्हांस त्या मिरवणुकीहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. परत आल्यावर ते कोल्हापुरात पुन्हा कुस्त्या खेळले, आणि त्या मिळकतीतून त्यांनी गुरूचे घर सोडविले. वाइल्डची मूठ पोटासाठी झुंजली. आमच्या या मल्लाचे मनगट ऋण फेडण्यासाठी झुंजले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. १९८४ साली रस्त्यावरील अपघाताने त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार लाभला तो त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी, मरणोत्तर. मिरवणुकीची हौस समाजाला एका दिवसात फिटते. जिवंतपणी जाणीव ठेवणे मात्र त्याला जड जाते.

देह तोलणारा काटा अचूक असतो. समाजाच्या हातचा काटा नेहमी थोराडाकडेच कलतो. गहाणखतावर सही करणाऱ्या त्या प्राचार्यांनी मात्र, पदक मिळण्यापूर्वीच, आपल्या शिष्याचे खरे वजन जोखले होते.