नाशिकची फ्रेंच पाहुणी

नाशिकला जाणाऱ्या माणसाचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहाटे रामकुंड, मग काळाराम, दुपारी त्र्यंबकेश्वर आणि परतताना चिवडा व द्राक्षांची पेटी. आमचाही तोच होता. फक्त या खेपेला फेब्रुवारीतली एक सकाळ राखून ठेवली आणि गंगापूर धरणाच्या बाजूला एका ओळखीच्या बागायतदारांच्या मळ्यावर गेलो. बरोबर मावशी होती. ‘वाईनची द्राक्षं बघायची आहेत’ म्हटल्यावर तिने नाक मुरडलं खरं, पण गाडीतून उतरली सगळ्यांच्या आधी.

नाशिकची द्राक्षबाग म्हणजे डोक्यावर मांडव आणि त्यातून लोंबणारे टपोरे घड, ही आपली कल्पना. इथे तसं काही नव्हतं. कुंपणासारख्या उभ्या तारा, त्यांवर बांधलेल्या वेली आणि कमरेच्या उंचीवर लहान, गच्च भरलेले घड. मणी वाटाण्यापेक्षा थोडे मोठे, हिरवट पिवळे. “हे चेनीन,” बागायतदार म्हणाले. बाटलीवर हिचं नाव शेनिन ब्लाँ असं छापलेलं असतं, बांधावर तिची चेनीन झाली आहे.

मावशीने एक मणी तोंडात टाकला. आधी भरपूर गोडी, मग दाताखाली बिया आणि मागोमाग जिभेच्या कडांना झोंबणारा आंबटपणा. “अहो, हे खाणार कोण?”

“कुणीच नाही, मावशी. बाजारात नेलं तर पाव किलोही खपणार नाही. पण या आंबटपणामुळेच तर हिला नाशकात जागा मिळाली.”

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. ऊन तापू लागलं की द्राक्षातली साखर झपाट्याने चढते आणि आंबटपणा तितक्याच झपाट्याने उतरतो. आंबटपणा गेलेली पांढरी वाईन म्हणजे लिंबू न पिळलेलं सरबत. पुष्कळशा युरोपीय वाणांची आपल्या उन्हात हीच गत होते. शेनिन मात्र आपला आंबटपणा सहजी सोडत नाही. शिवाय ती हात राखून पिकत नाही, चांगला माल देते. तिच्या वाईनला बहुधा महागड्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरवत ठेवावं लागत नाही, काही महिन्यांत बाटली दुकानात जाते. भारतीय वाईनमध्ये शेनिन खिशाला परवडते, त्याचं कारण हे असं मळ्यातच आहे.

माहेर तिचं फ्रान्सचं, लवार नदीच्या खोऱ्यातलं. तिथे हिवाळ्यात वेल झोपी जाते, वर्षातून एकदा छाटणी होते आणि शरदात काढणी. आपल्याकडे वेलीला झोप अशी नाहीच. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च काढणी. दोनदा छाटायचं, पीक एकदाच घ्यायचं. खायच्या द्राक्षांचा मणी फुगावा म्हणून घड जी.ए.च्या द्रावणात बुडवतात, इथे ते नाही. मणी लहान असलेलाच बरा. फ्रान्समधून निघालेली ही वेल खरी पसरली दक्षिण आफ्रिकेत. तिथे तिला ‘स्टीन’ म्हणत. स्टीन म्हणजेच शेनिन हे नक्की ठरायला १९६५ साल उजाडलं. आज फ्रान्सपेक्षा जास्त शेनिन तिथेच आहे.

महाराष्ट्रात वाईनचा उद्योग आधी नारायणगावला रुजला. नाशकात अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंतांनी १९९७ मध्ये ‘सुला’साठी शेनिन आणि सोव्हिन्याँ ब्लाँ लावली, २००० मध्ये त्यांची पहिली वाईन आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं आणि वायनऱ्यांची रांग लागली. शेतकऱ्यांनी करार करून वेली लावल्या. मग २००८ ची मंदी आली, मागणी आटली आणि ठरलेला माल उचलायला कुणी येईना. खायची द्राक्षं निदान बाजार समितीत तरी नेता येतात. ही कुठे न्यायची? कित्येकांनी वेली मुळासकट काढून टाकल्या. “माझी चार एकर होती, दीड ठेवली,” बागायतदार म्हणाले. “बायको रोज विचारायची, ही तरी कशाला ठेवलीत?” याचं उत्तर त्यांनी तेव्हा तिला काय दिलं, ते काही सांगितलं नाही.

काढणी पहाटेच झाली होती, कारण द्राक्ष थंड असतानाच वायनरीत पोहोचावं लागतं. शेवटचे क्रेट घेऊन निघालेल्या ट्रॅक्टरमागोमाग आम्हीही गेलो. तिथे घड दाबून रस काढतात, साल आणि बिया बाजूला होतात आणि रस पोलादी टाक्यांत थंड ठेवून यीस्टच्या हवाली करतात. यीस्ट साखर खाऊन तिचा अल्कोहोल करतं. सगळी साखर संपायच्या आत हे काम थांबवलं, तर वाईनमध्ये किंचित गोडी राहते. आपल्याकडची शेनिन बहुधा अशीच असते आणि म्हणूनच आपल्या तिखटाशी तिचं जमतं. कोथिंबीर वडी किंवा तळलेलं पापलेट यांच्याबरोबर पिऊन पाहावी. बाटली चांगली गार करावी आणि वर्ष-दोन वर्षांत संपवावी. कपाटात जपून ठेवण्यासारखी ही चीज नव्हे. (महाराष्ट्रात वाईनसाठी वयाची अट २१ वर्षं आहे, हे घरातल्या तरुण मंडळींनी ध्यानात ठेवावं.)

चव घेण्याच्या खोलीत मी एक पेला घेतला. पिवळसर, जवळजवळ पाण्यासारखी स्वच्छ. पहिल्या घोटाला गोडसर, शेवटी सकाळच्या मण्यातला तोच आंबटपणा, फक्त आता मवाळ झालेला. मावशी पिणार नव्हती, पण वास घ्यायला तिची हरकत नव्हती. “पेरू,” ती ठामपणे म्हणाली. “अगदी पिकलेला.” तिथल्या मुलाने मान डोलावली.

बाहेर बागायतदार मात्र वजनकाट्यापाशी उभे होते. जानेवारीत आठवडाभर ढग राहिले होते आणि मालाचा भाव रसातल्या साखरेवर ठरतो. तिथल्या माणसाने रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकला, उजेडाकडे धरून पाहिलं आणि आकडा लिहिला: साडेएकवीस. बागायतदारांनी चिठ्ठी दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली. “निघूया का? जेवायला घरी चला,” ते म्हणाले.

ट्रॅक्टर रिकामे क्रेट घेऊन आमच्या पुढेच निघाला होता.