गावाकडून आलेलं वादळ

मस्कतहून सोहारच्या रस्त्याला लागलं की तासाभरात बरका येतं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खजुराच्या बागा आणि त्यांच्या मागे हजर पर्वताचे उघडेबोडके डोंगर. पाऊस इथे कौतुकाचा. मस्कतला वर्षाकाठी पडतो तो साधारण १०० मिलिमीटर.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘शाहीन’ चक्रीवादळ या किनाऱ्याकडे निघालं, तेव्हा आम्हा मराठवाड्याच्या मंडळींना ते अनोळखी नव्हतं. बंगालच्या उपसागरात ‘गुलाब’ नावाने उठलेलं हे वादळ २६ सप्टेंबरला आंध्रच्या किनाऱ्यावर आलं. पुढे त्याच्या पावसाने मराठवाडा झोडपला, मांजरेला पूर आला, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. मग गुजरातवरून अरबी समुद्रात उतरून त्याने पुन्हा जोर धरला आणि नवं नाव घेतलं. आठवड्याच्या सुरुवातीला आम्ही लातूरला फोन करून “पाणी ओसरलं का?” विचारत होतो. शेवटी तिकडून फोन येऊ लागले, “तुमच्याकडे निघालंय म्हणे, जपा रे बाबांनो.”

रविवार आणि सोमवार, ३ व ४ ऑक्टोबरला सुट्टी जाहीर झाली. जुन्या लोकांना २००७ चं ‘गोनू’ आठवत होतं. तेव्हा समुद्राचं पाणी गोडं करणारे घुब्रा आणि बरका इथले प्रकल्प बंद पडले आणि पुराने वेढलेल्या मस्कतमध्ये प्यायच्या पाण्याचे हाल झाले. म्हणून सगळ्यांनी पहिली धाव घेतली ती पाण्याच्या खोक्यांकडे. मग घरातली पातेली, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवले. गच्चीवरच्या पाइपांच्या तोंडाशी साचलेली वाळू काढली. इथल्या बऱ्याच गच्च्या पावसाचा विचार करून बांधलेल्याच नसतात. पासपोर्ट आणि मुलांचे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर गेले. गाडीत पेट्रोल भरून ती उंचावर लावली. दशम्या आणि चिवडा असा प्रवासाचा शिधा घरात बसून खाण्यासाठी तयार झाला. कोळ्यांनी होड्या वाळूवरून ओढून आत आणल्या. सखल भागातल्या लोकांसाठी शाळा उघडल्या गेल्या.

नवखा माणूस समुद्राकडे पाहत बसतो. ओमानी शेजारी मात्र पाठ फिरवून डोंगराकडे पाहतात. वादी, म्हणजे एरवी कोरडं ठणठणीत असलेलं नदीचं पात्र, डोंगरातल्या पावसाने घटकाभरात फुगतं आणि मोटारी वाहून नेतं. आमचे घरमालक दोनदा येऊन एवढंच बजावून गेले : काहीही झालं तरी वादी ओलांडायची नाही.

मग उरलं वाट पाहणं. रविवारी वारा वाढत गेला. दाराच्या फटीत टॉवेल कोंबले, मोबाइल जपून वापरले. मुलं पत्ते खेळत होती आणि मोठी माणसं उगाचच त्यांचे डाव पाहत होती. रात्री वादळ पलीकडच्या मुसन्ना आणि सुवैकच्या दरम्यान जमिनीवर आलं. पुढे खाबुरात ३६९ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे मस्कतच्या तीन वर्षांहून जास्त. देशात बारांहून अधिक जीव गेले. रुसैलला कामगारांच्या वस्तीवर दरड कोसळली, त्यात दोन आशियाई कामगार गेले. ते कुणाच्या तरी घरचे कर्ते होते, आपल्यासारखेच पोटासाठी इथे आलेले.

बरका थोडक्यात वाचलं. पण “आपण वाचलो” म्हणून कुणी स्वस्थ बसलं नाही. पुढच्या शुक्रवारी देशभरातून हजारो लोक फावडी, झाडू, पाणी, जेवण घेऊन सुवैक-खाबुराकडे निघाले. अनोळखी घरांतला चिखल उपसायला कुणी जात-देश विचारला नाही.

त्याच आठवड्यात, ७ तारखेला, घटस्थापना होती. घटासाठी दरवर्षी आम्ही दुकानातून मातीची पिशवी आणतो. त्या वर्षी अंगणात वाहून आलेला गाळ होताच. तोच चाळून घेतला आणि त्यात गहू पेरले. गावी फोन केला, तर शेतात अजून पाय रुतत होता. “तुमच्याकडे उगवलं का?” आईने विचारलं. तिसऱ्या दिवशी कोंब दिसले, तेव्हा पहिला फोटो तिलाच पाठवला.