पढवलेला साक्षीदार

पढवलेला साक्षीदार अडखळत नाही, हे पोलीस खात्यात कोणालाच सांगावं लागत नाही. पेच त्याच्या पुढचा. खरा माणूसही चौथ्यांदा सांगताना अडखळायचं थांबतो. मग ओळखायचं कसं? निवृत्त होऊन देवळीत बसलो तरी हे कोडं सुटलेलं नाही.

नातवाने मोबाइलवर ‘मिस्टर होम्स’ लावून दिला. २०१५चा इंग्रजी सिनेमा. साल १९४७, होम्स ९३ वर्षांचा. मधमाश्या पाळतो, समोरच्याचं नाव शर्टाच्या कफवर लिहून ठेवतो. शेवटची केस वॉटसनने खुलवून छापलेली. खरं काय झालं ते याला स्वतः लिहायचंय, आणि तेच आठवत नाही. इयान मॅकेलन विसरण्याचा अभिनय करत नाही, शोधण्याचा करतो. ‘अस्तु’ या मराठी सिनेमात हत्तीमागे निघालेले शास्त्रीबुवा मोहन आगाशेंनी असेच उभे केले, पण ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ, त्यांना आतली खबर.

माझीही एक केस आहे. यवतमाळ रोडवरच्या पानठेल्यावर कोणी ‘जमादार, ते सांगा ना’ म्हटलं की मी सुरू. परवा स्वतःलाच ऐकलं. तेच शब्द, तेच थांबे. ‘वकीलसाहेब गप्प झाले’च्या आधी चुन्याची डबी काढणंही तेच. असा साक्षीदार समोर असता तर मी लिहिणं थांबवून चहा मागवला असता आणि उलटीकडून विचारलं असतं, आधी कंदील विझला की कुत्रं भुंकलं? स्वतःला विचारून पाहिलं. कंदील होता का, तेच आठवेना. मी खोटं बोलत नाही. सांगून सांगून गुळगुळीत झालोय.

त्या केसमध्ये जबाब देणाऱ्या बाईचा चेहराही गेला. ती ‘माह्या लेकाले’ म्हणत होती, मी ‘माझ्या मुलास’ लिहिलं. पोलिसांनी घेतलेल्या कलम १६१च्या जबाबावर सही घेत नाहीत, म्हणून तिचा अंगठासुद्धा नाही. अक्षर तेवढं माझं, आणि साहेब लोक त्याची तारीफ करायचे.

खात्यातल्या आताच्या पोरांना ही झळ नाही. मोबाइलच्या कॉलची यादी, म्हणजे सीडीआर, काढला, सीसीटीव्ही पाहिला, झाला तपास. १ जुलै २०२४पासून नव्या कायद्यात कलम १६१चं १८० झालं. जबाब मोबाइलवर चित्रित करता येतो. त्यांच्याजवळ बाईचा आवाज राहील, याचा मला हेवा वाटतो. तरी म्हणतो, उलटतपासणीत यांचे पाय लटपटतात.

गोष्ट सांगणं मात्र सोडणार नाही. कोणी कंदिलाचं विचारलंच, तर होता म्हणेन. वात केवढी होती, तेही सांगेन.