शब्दांची सोयरीक

राजाशी नाते सांगणारी तीन विशेषणे इंग्रजीत नांदतात: किंगली, रॉयल आणि रीगल. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकले, तेव्हा दरबाराची भाषा फ्रेंच झाली, धर्म आणि विद्या यांची लॅटिनच राहिली, आणि शेताशिवारातली जुनी बोली लोकांच्या तोंडी टिकून राहिली. त्यामुळे पुढे अनेक गोष्टींना तीन थरांतून तीन शब्द लाभले. त्यांपैकी किंगली हे घरच्या मातीतले, तर रॉयल आणि रीगल एकाच लॅटिन शब्दाची लेकरे. परंतु रॉयल फ्रेंच उंबरठा ओलांडून, रूप पालटून आले आणि रीगलने लॅटिनची ठेवण राखली. राजघराण्याच्या मालकीचे ते रॉयल, राजाच्या गुणांना साजेसे ते किंगली, आणि ज्याच्या चालण्याबोलण्यात राजाचा डौल आहे ते रीगल. म्हणून डोक्यावर मोळी घेऊन ताठ मानेने चालणारी बाई रीगल दिसू शकते, पण ती रॉयल होऊ शकत नाही. मराठीत राजकीय, राजेशाही आणि राजस यांच्यातले अंतर ज्याच्या कानाला कळते, त्याला हा भेद परका वाटणार नाही.

काही विशेषणांमधला भेद वस्तूत नसून पाहणाऱ्याच्या मनात असतो. एकाच सडपातळ देहाला स्लिम म्हटले तर कौतुक होते, थिन म्हटले तर नोंद होते आणि स्किनी म्हटले तर बहुधा हिणवणे होते. अर्थाभोवतीच्या या भावच्छटेला भाषाशास्त्रात वाच्यार्थाहून वेगळी अशी भावसूचकता मानतात, आणि बोलणारा कोठे उभा आहे हे तीच सांगून जाते. आणखी काही भेदांना अर्थाचे कारणही पुरेसे पडत नाही. कडक चहा इंग्रजीत स्ट्राँग असतो, मोटारीचे जोरकस इंजिन पॉवरफुल असते, आणि चहाला पॉवरफुल म्हटले की व्याकरण शाबूत राहूनही वाक्य उपरे वाटते. शब्दांच्या या ठरलेल्या संगतीला साहचर्य म्हणतात. ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातून जुळलेली सोयरीक असते.

अशा निवडीत परक्यांची अडचण होते, हे ओळखून हेस्टर पिओझी या लेखिकेने १७९४ मध्ये समानार्थी इंग्रजी शब्दांवर ग्रंथ लिहिला. इटालियन संगीतकाराशी विवाह केलेल्या या बाईंनी शब्दांची उकल संभाषणाच्या अंगाने केली. पुढे पीटर मार्क रोजे या वैद्याने १८५२ मध्ये आपला प्रसिद्ध थिसॉरस, म्हणजे अर्थानुसार लावलेला शब्दसंग्रह, प्रकाशित केला. त्यात शब्द कल्पनांच्या वर्गांत शेजारी शेजारी मांडलेले होते, त्यांच्या व्याख्या मात्र नव्हत्या. एकाने शब्द जवळ आणले, दुसरीने त्यांच्यातले अंतर दाखवले, आणि लिहिणाऱ्याला ही दोन्ही कामे हवी असतात.

तरीही अखेरची निवड कोणताही ग्रंथ करून देत नाही, कारण ती समोरच्या वस्तूकडे किती निष्ठेने पाहिले यावर ठरते. विशेषण हे नामाविषयी दिलेली साक्ष आहे. जवळपासचा शब्द उचलून भागवणारा भाषेला फारसा उणेपणा आणत नाही, परंतु ज्याच्याविषयी तो बोलतो त्या माणसावर किंवा वस्तूवर अन्याय करतो, आणि नेमका शब्द सापडेपर्यंत थांबणारा त्याला त्याचे स्वतःचे रूप परत देतो.