तयार आवाज

तयार शर्ट आणि तयार चकल्या मी मुकाट्याने स्वीकारतो. पण तयार आवाज काही पचनी पडेना. भाच्याने माझ्या खोलीत आणून ठेवलेल्या रोलंड ज्युनो-१०६ या १९८४ च्या सिंथेसायझरमध्ये असे १२८ आवाज साठवलेले आहेत. त्यांत ऑर्गनचा एक होता. आमच्या अण्णांच्या पेटीचा दूरचा नातेवाईक म्हणावा असा! पेटी मोडीत गेली, अण्णाही गेले.

मी त्या आवाजाशी खटपट आरंभली. फिल्टर थोडा मिटताच त्याची चकाकी उतरली. अटॅकची कळ वर सरकवली, तेव्हा सूर दचकून उठायचा थांबला. भात्यात हवा भरावी तसा सावकाश येऊ लागला. कोरसने डबल रीडच्या पेटीतली थरथर आणली.

आई दारात उभी होती. "ह्यांची पेटी श्वास टाकायची रे," ती म्हणाली.

मग नॉइजची कळ केसभर उचलली. आई खाली बसली.

आता हा सूर जपायचा, तर १२८ पैकी एक पुसणे भाग होते. वाद्याच्या पाठीमागे साठ्याला कुलूप घालणारे एक छोटे बटण असते. ते उघडले आणि भाच्याला न विचारता ऑर्गनच पुसला.