गॅस गिझर न्हाणीघराबाहेर



ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्ष काढणीपर्यंतच आमचा मुक्काम मळ्यातल्या घरात असतो. यंदा छाटणीआधी एक काम उरकलं. न्हाणीघरातला गॅस गिझर काढून बाहेरच्या भिंतीवर, वळचणीखाली, खिडकीपासून लांब बसवला.

कारण सांगतो. थंडीत आपण दार-खिडकी गच्च लावून अंघोळ करतो. आत गिझर पेटला की खोलीतला ऑक्सिजन कमी होतो, गॅस अर्धवट जळतो अन् कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट धरतो. डोकं जड होतं, चक्कर येते, मग कडी काढायचंही त्राण राहत नाही. आमची आई पहाटे, सगळे झोपेत असताना अंघोळीला जाते.

आता सिलेंडरही बाहेरच, उभा. आत येतो फक्त गरम पाण्याचा पाइप, तोही सीपीव्हीसीचा. साधा पीव्हीसी गरम पाण्यानं नरम पडतो. बंद घरात उंदीर नळी कुरतडतात, म्हणून गॅसची नळी नवी घेतली अन् साबणाचा फेस लावून गळती तपासली. काढणी झाली की रेग्युलेटर बंद, गिझरमधलं पाणी अन् सेल बाहेर.

तुमच्या वस्तीवर गिझर आत असेल तर थंडी पडायच्या आत हलवा. तोवर पाणी बादलीत काढून घ्या, गिझर बंद करा, मगच कडी लावा.